शंभर टक्के सहभाग

मुकादमांना बढती मिळाली ती एका अडकलेल्या चाकामुळे.

हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, टॉवेल, उशांचे अभ्रे धुऊन, इस्त्री करून परत पाठवणारी ती लॉन्ड्री होती. लॉन्ड्री म्हणजे कोपऱ्यावरचं दुकान नव्हे. उंच पत्र्याखाली एका टोकाला धुलाईचे ड्रम गडगडत, मधोमध वाफेवर तापलेला इस्त्रीचा लांबलचक रोलर फिरे आणि दुसऱ्या टोकाला घड्या घालायची टेबलं होती. मुकादम रोलरवरचे. हाताखाली माणसं होती, पण एक माणूस कायम कमी असायचा, म्हणून चादरीचं एक टोक ते स्वतःच धरत. दुसरं टोक धरायला लांब्या असे. मुकादम बुटके आणि तो ताडमाड, त्यामुळे रोलरमध्ये जाणारी चादर नेहमी मुकादमांच्या बाजूला उतरती दिसायची. पलीकडे मात्र सरळ निघायची.

मालकीणबाई मोठ्या उत्साही. वडिलांच्या मागे त्यांनी धंदा सांभाळला होता आणि चांगला सांभाळला होता. एकदा त्या कुठल्याशा प्रशिक्षणाला गेल्या आणि परत आल्या त्या डोळ्यांत वेगळीच चमक घेऊन. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांना ड्रमपाशी गोळा केलं आणि विचारलं, "माणूस कामावर हातांनी येतो की मनाने?"

बाईंनी विचारावं आणि कोणी उत्तरच देऊ नये, हे मुकादमांना बरं वाटेना. ते म्हणाले, "बाई, ओल्या कपड्यांच्या ट्रॉलीचं एक चाक अडकतं. ते बदललं तर बरं होईल."

बाईंनी त्यांच्याकडे बोट केलं. "बघा. हा माणूस मनाने येतो."

त्याच आठवड्यात मुकादम 'सुधारणाप्रमुख' झाले. फाटक्या चादरी टाकायची खोली रिकामी करून त्यांना दिली, टेबल दिलं, भिंतीएवढा पांढरा फळा दिला. रोलरवर आता दोन माणसं कमी झाली. मुकादमांनी चाकाची आठवण केली तेव्हा बाई हसून म्हणाल्या, "आता ते रीतसर येऊ द्या. तुम्हीच चिठ्ठी लिहा, फळ्यावर लावा, तुम्हीच मंजूर करा." मुकादमांनी चिठ्ठी लिहिली, फळ्यावर लावली, दोन पावलं मागे जाऊन वाचली आणि मंजूर केली. चाक बदललं गेलं.

पहिले काही आठवडे खरोखर चांगले गेले, हे सांगायला हवं. घड्यांच्या टेबलावर वहिनी होत्या. त्यांचा दीर तिथे आधी कामाला होता, म्हणून त्या सगळ्यांच्याच वहिनी झालेल्या. त्या म्हणाल्या, टेबल बुटकं आहे, वाकून वाकून कंबरेचा काटा ढिला होतो. टेबलाच्या पायांखाली विटा आल्या. ड्रमवरचे काका म्हणाले, दोन हॉटेलांच्या चादरी सारख्याच दिसतात, एकाच्या चादरींना कोपऱ्यात रंगीत दोरा घाला. दोरा आला. मुकादम हरखून गेले. इतकी वर्षं ही माणसं तोंडात मिठाची गुळणी धरून का बसली होती, याचं त्यांना नवल वाटे. कोणी विचारलंच नव्हतं, हे उत्तर त्यांना मनातून आवडायचं, कारण आता विचारणारे ते होते.

घरीही त्यांचं हेच सुरू झालं. रात्री जेवताना त्यांनी बायकोला विचारलं, "आपल्या घरात काय सुधारता येईल, असं तुला वाटतं?"

"आंघोळ झाल्यावर ओला टॉवेल पलंगावर टाकू नका."

"तसं नाही. जरा मोठं काहीतरी."

"मग सगळेच ओले कपडे टाकू नका," ती म्हणाली. त्यांची मुलगी ताटात बघून हसली.

अडचण सुरू झाली ती आलेखापासून. बाईंनी फळ्याच्या शेजारी एक रेघ काढली होती. आठवड्याच्या सूचना वाढल्या की रेघ वर जायची. विटा आणि दोरे संपल्यावर ती आडवी झाली. बाईंना ती आडवी रेघ बघवेना. "सुधारणेला अंत नसतो, मुकादम. लोक दमलेत का?" मुकादम म्हणाले, "नाही बाई, सुचेनासं झालंय." बाई म्हणाल्या, "सुचत नाही म्हणजे मन नाही." मग प्रत्येकाने आठवड्याला एक तरी सूचना दिलीच पाहिजे असं ठरलं.

माणसं मोठी समजूतदार होती. त्यांनी सूचना द्यायला सुरुवात केली. लांब्याने सुचवलं की पिण्याच्या पाण्याचं पिंप दाराजवळ ठेवावं. पिंप दाराजवळ गेलं. पुढच्या आठवड्यात काकांनी सुचवलं की दाराजवळ धूळ येते, पिंप आत घ्यावं. पिंप आत आलं. दोन्ही सुधारणा धरल्या गेल्या आणि दोन्हींना सकाळच्या सभेत टाळ्या पडल्या. पिंप मग बरेच दिवस असंच ये-जा करत राहिलं. कोणाला तहान लागली की आधी विचारावं लागे, आज पाणी कुठे आहे. कचऱ्याच्या डब्याला झाकण आलं, झाकणाला मूठ आली, मुठीला रंग आला. एकाने तर सूचना मोठ्या अक्षरात लिहाव्यात अशी सूचना बारीक अक्षरात लिहिली.

सकाळची सभा आधी उभ्या उभ्या आटपायची. आता प्रत्येक सूचना वाचायची, मांडणाऱ्याने दोन शब्द बोलायचे, बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं करता करता सूर्य डोक्यावर येऊ लागला. ड्रम तोवर रिकामे. मग उरलेल्या दिवसात काम रेटताना सगळ्यांच्या नाकी नऊ येत. ओलसर चादरी तशाच घडी होऊन जाऊ लागल्या. एका हॉटेलाने कळवलं की आमचे पाहुणे थंडी वाजल्याची तक्रार करतात. बाईंनी ते पत्र मुकादमांना दिलं आणि म्हणाल्या, "सभेत घ्या हा विषय." सभा आणखी लांबली.

त्यातच बाईंनी दाराशी एक यंत्र बसवलं. त्यावर तीन चेहरे होते: हसरा, गप्प आणि रडका. आत येताना प्रत्येकाने आपल्या मनाप्रमाणे एक दाबायचा. सगळे हसरा दाबत. हसऱ्यावरचा रंगही उडाला. बाकीचे दोन कोरे करकरीत राहिले.

एके सकाळी मुकादमांचं घरी टॉवेलवरून वाजलं. बायको म्हणाली, "जगाला सुधारा तुम्ही." मुकादम डबा न घेताच निघाले, बस चुकली, चालत आले आणि दाराशी उभं राहून त्यांनी मनाप्रमाणे गप्प चेहरा दाबला. आत गेले आणि विसरून गेले.

दुपारी बाईंचं बोलावणं आलं. बाई काळजीत होत्या. "आपल्यात कोणीतरी आनंदी नाही, मुकादम. मला राग नाही, मला फक्त त्याच्यापर्यंत पोचायचंय. शोधून काढा."

मीच तो, एवढं म्हणायला काय जात होतं? पण सुधारणाप्रमुखच खूश नाही म्हटल्यावर बाकीच्यांनी काय करावं? ते म्हणाले, "शोधतो." आणि त्यांनी खरंच शोधलं. एकेकाला खोलीत बोलावून खांद्यावर हात ठेवून विचारलं, काही त्रास आहे का, घरी सगळं ठीक ना. माणसांचं धाबं दणाणलं. लांब्या म्हणाला, "मी तर हसराच दाबला होता, शपथ. बोट घसरलं असेल तर माहीत नाही." वहिनींची पाळी आली तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही डबा आणला नव्हता त्या दिवशी." बाईंना त्यांनी कळवलं की यंत्रात बिघाड होता. दुरुस्ती करणारा आला, त्याने तिन्ही चेहरे पुसले आणि गेला.

त्या प्रकारानंतर मुकादमांना आपली लाज वाटू लागली. काहीतरी खरं करून दाखवावं म्हणून त्यांनी एक नियम आणला: निम्म्याहून जास्त लोकांची सही असलेली सूचना आठवडाभरात अमलात येईल, कोणी नाही म्हणू शकणार नाही, सुधारणाप्रमुखसुद्धा. बाईंना नियम फार आवडला. तो त्यांनी जाड अक्षरात रंगवून घेतला.

महिनाभर कोणी वापरला नाही. मग एका संध्याकाळी वहिनी खोलीत आल्या. हातातला कागद टेबलावर ठेवला आणि बसायला सांगितलं नव्हतं तरी बसल्या.

कागदावर लिहिलं होतं: सकाळची सभा बंद करावी. सुधारणाप्रमुखांनी परत रोलरवर यावं, तिथे माणूस कमी आहे. खाली सह्या होत्या. दिवसपाळीच्या होत्या, रात्रपाळीच्याही होत्या. या दोन पाळ्यांचं पंखा कोणी बंद करायचा यावरसुद्धा कधी जमलं नव्हतं. पहारेकऱ्याची सही होती. सर्वात वर लांब्याची होती.

मुकादमांनी कागद दोनदा वाचला. "वहिनी, हे माझ्यावर आहे."

"तुमच्यावर नाही. तुमच्या खुर्चीवर आहे."

"खुर्चीत मीच बसतो ना."

"तुमच्यावर राग असता तर एवढ्या सह्या झाल्या असत्या का? लोक घाबरले असते," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही डूख धरणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक आहे. म्हणून तर केल्या."

मुकादमांना यावर आनंद मानावा की दुःख, ते समजेना. वहिनी उठल्या. दारात थांबून म्हणाल्या, "लांब्या एकटाच दोन्ही टोकं सांभाळतो. परवा त्याचा हात भाजला. तुम्ही त्या दिवशी डब्याच्या मुठीच्या नव्या रंगावर मतं घेत होता."

घरी जेवताना बायकोने दोनदा विचारल्यावर मुकादमांनी सांगितलं. तिने त्यांच्या ताटात आणखी भात वाढला.

"सूचना कशी आहे?" तिने विचारलं.

"चांगली आहे."

"मग?"

"तीच तर अडचण आहे. वाईट असती तर बरं झालं असतं." मग म्हणाले, "इतक्या दिवसांत आलेली सगळ्यात चांगली सूचना आहे ती. दुसऱ्या कोणावर असती तर मीच उभं राहून टाळ्या वाजवल्या असत्या."

"अहो, मग आपल्यावर असली तरी वाजवा," ती म्हणाली. पण हे म्हणताना ती हसली नाही, आणि ते मुकादमांना बरं वाटलं.

सकाळी ते कागद घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी मजकुराआधी सह्या बघितल्या. बघता बघता त्यांचा चेहरा उजळला. "सगळे? रात्रपाळीसुद्धा? मुकादम, हा शंभर टक्के सहभाग आहे. प्रशिक्षणात म्हणत होते, असं होतच नाही." त्यांनी उठून मुकादमांचा हात हातात घेतला. "हे तुम्ही घडवलंत."

"बाई, वर काय लिहिलंय ते वाचलंत का?"

बाईंनी वाचलं. खाली बसल्या. खिडकीतून ड्रमचा आवाज येत होता. मग त्या म्हणाल्या, "तुम्ही याच्याशी सहमत आहात?"

"मी सही केली नाही. पण मला विचारलं असतं तर केली असती."

बाई कुशाग्र बुद्धीच्या होत्या, हार मानणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एकदा टेबलावरच्या आलेखाच्या नकलेकडे बघितलं, एकदा सह्यांकडे बघितलं आणि त्यांच्या डोळ्यांत ती पहिली चमक परत आली. "म्हणजे आपण इतके पुढे गेलोय की आपल्याला सुधारणाप्रमुखाची गरजच उरली नाही."

"असंही म्हणता येईल," मुकादम म्हणाले.

सभा बंद करण्यासाठी एक शेवटची सभा झाली. ती आजवरची सगळ्यात लांब सभा ठरली. बाई बोलल्या, काका बोलले, मुकादमांना फुलं दिली गेली. टाळ्या थांबता थांबेनात. त्या खऱ्या होत्या, पण कशासाठी होत्या हे मुकादमांनी स्वतःला विचारायचं टाळलं.

रोलरवर परतल्यावर पहिले दिवस जड गेले. हात मऊ झाले होते. वाफेचा अंदाज चुके, बोटं पोळत. लांब्या चादर जरा हळू सोडे. मुकादमांना वाटे, सह्यांत याचं नाव सर्वात वर होतं. मग त्याच्या मनगटावरचा भाजल्याचा डाग दिसे आणि ते आपलं टोक ताणून धरत. चादरी कोरड्या जाऊ लागल्या. पिंप जिथे होतं तिथेच राहिलं. घड्यांच्या टेबलावरून कधी वहिनी ओरडून सांगत की अमक्या गठ्ठ्याला घडी बसत नाही, वाफ वाढवा. मुकादम वाढवत. याला कोणी टाळ्या वाजवत नसे.

बाईंनी मात्र ही हकीकत कारखानदारांच्या मेळाव्यात सांगितली आणि ती फार गाजली. शंभर टक्के सहभाग कसा आणला, हे सगळ्यांना ऐकायचं होतं. एका बिस्किटांच्या कारखान्याने मुकादमांनाच बोलावलं. बाईंनी दिवसभराची सुट्टी दिली. मुकादम पांढरा सदरा घालून गेले.

तिथे मोठ्या दालनात सगळे साहेब बसले होते. कोणीतरी विचारलं, "तुमच्या पद्धतीचं सार एका वाक्यात सांगाल?"

मुकादमांनी विचार केला. "लोकांना काय हवंय ते विचारा. पण उत्तर तुमच्या सोयीचं नसलं तरी तसंच करायचं, एवढं आधी ठरवून मग विचारा."

साहेबांनी माना डोलावल्या. मग त्यांच्यातला एक तरुण पुढे आला. त्याची तिथे सुधारणाप्रमुख म्हणून नुकतीच नेमणूक झाली होती. त्याने मुकादमांना बाजूला घेऊन, पेन सरसावून विचारलं, "यात मी स्वतः काय काळजी घ्यायला हवी, काका?"

"काम नीट केलंत, तर तुमची जागा जाईल," मुकादम म्हणाले.

तो मोकळेपणाने हसला. काका गमतीदार आहेत, असं त्याने शेजारच्याला सांगितलं. हे वाक्य त्याने लिहून घेतलं नाही.

मुकादम बाहेर पडले तेव्हा दुपार उलटली होती. घरी जाता आलं असतं. बस घराच्याच दिशेने होती आणि हातात बिस्किटांचा पुडा होता. पण ते लॉन्ड्रीपाशी उतरले, पुडा घड्यांच्या टेबलावर वहिनींपुढे ठेवला, सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि रोलरपाशी गेले. लांब्या दोन्ही टोकं एकट्याने धरून झुंजत होता. काही न विचारता त्याने जवळचं टोक पुढे केलं.