मिसल वाचली काय?

उत्कर्षा आली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. कोर्ट चालू असायच्या वेळी सरकारी वकील घरी येतो म्हणजे काहीतरी बिनसलं आहे, हे मारोतरावांना तिच्या फाटक उघडण्यावरूनच कळलं. आठ वर्षांपूर्वी ते आदिलाबादला सरकारी वकील म्हणून निवृत्त झाले. त्याआधी नोकरीला नवीन लागलेल्या उत्कर्षानं पहिले सहा महिने त्यांच्याच हाताखाली काढले होते. तेव्हाही ती अशीच भराभर चालायची.

"सर, वरचे खटला मागं घ्या म्हनून राह्यले."

"कोनता?"

"चंद्रभागा मॅडमचा."

मारोतरावांनी तिला बसायला खुर्ची दिली, पण ती उभीच राहिली.

तो खटला जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक होता. गेल्या डिसेंबरातल्या पंचायत निवडणुकीत मराठी शाळेच्या शिक्षिका चंद्रभागा तामसीकडच्या एका गावी मतदान केंद्राच्या प्रमुख होत्या. दुपारी नागेश नावाचा सत्ताधारी पक्षाचा पुढारी आठ-दहा जण घेऊन आत शिरला आणि कोऱ्या मतपत्रिकांचा गठ्ठा मागू लागला. चंद्रभागांनी गठ्ठा पोटाशी धरला. नागेशनं त्यांचा हात पिरगाळला. मनगट दोन जागी मोडलं, पण गठ्ठा त्यांनी सोडला नाही. अकरा गवाह होते, डॉक्टरचा दाखला होता, दारावरच्या शिपायाचा जबाब होता.

"हुकूम लेखी हाय?" मारोतरावांनी विचारलं.

"सरकारचा जी.ओ. निघाला. पन अर्ज माझ्या दस्तखतीनं जायले पायजे. अन् त्यात लिहायचं, का मी मिसल, म्हंजे खटल्याची पुरी फाईल, वाचून, स्वतः इचार करून, लोकहितासाठी खटला मागं घेऊन राह्यली."

"मग? वाचली ना तू मिसल?"

"दोनदा. म्हनूनच तर दस्तखत होत नाई."

मारोतराव म्हणाले, "सरकार सांगू शकते, पोरी. इचार वकिलाचाच असतो. कायदाच तसा हाय. पन तू काय करावं ते मी नाई सांगनार. नोकरी तुई हाय, घरी लेकरू हाय."

"मी इचारायले नाई आली, सर. मी सकाळीच लिहून देल्लं, का खटला मागं घ्यायले काई कारन दिसत नाई." तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "आता ते मले हलवतील अन् दुसरा वकील आनतील. नव्या कायद्यानं पीडिताचं म्हननं ऐकल्याबिगर कोर्टाले परवानगी देता येत नाई. मॅडमच्या बाजूनं कोनीतरी उभं राहाले पायजे. बारमधले तिघं जन नाई म्हनले."

चौथा कोण, हे तिनं बोलून दाखवलं नाही. मारोतरावांनीही विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी उत्कर्षाची उटनूरला बदली झाली. तिच्या जागी आलेल्या वकिलानं त्याच दिवशी अर्ज दाखल केला. सुनावणीसाठी शुक्रवारची पेशी लागली. मंगळवारी मारोतराव स्वतः चंद्रभागांच्या घरी गेले आणि वकालतनाम्यावर त्यांची सही घेतली. त्यांचं उजवं मनगट अजून पुरतं वळत नव्हतं. सही डाव्या हातानं केली, तीही वाकडी आली.

"सर, माझे मालक म्हनतात, सोडून दे," त्या म्हणाल्या. "शाळेत हेडमास्तर म्हनतात, सोडून द्या. तुमी काऊन आले?"

मारोतरावांनी वकालतनामा पिशवीत घातला आणि दुपारीच कोर्टात दाखल केला.

त्याच संध्याकाळी पांडुरंगराव आले. ते नागेशचे वडील. मारोतरावांचे बालमित्रही. कॉलेजची चार वर्षं मारोतराव त्यांच्याच घरी राहिले होते, पांडुरंगरावांच्या आईच्या हातच्या भाकरी खाऊन शिकले होते. तेव्हापासून दिवाळी एकमेकांशिवाय झाली नव्हती. मारोतरावांच्या पत्नी प्रयागबाईंनी चहा ठेवला आणि त्या आत गेल्या.

"मारोती, तुया वकालतनामा पायला मी," पांडुरंगराव म्हणाले. "पोरगा चुकला. मी त्याले चार लोकात बोललो. पन जेल? त्याले दोन पोरी हायेत."

"जेल का नाई ते कोर्ट ठरवते, पांडुरंग."

"तू रिटायर झाला. तुले कोन इचारून राह्यलं?"

"चंद्रभागाबाईनं."

पांडुरंगरावांनी चहाचा घोट घेतला, बशी खाली ठेवली. पुढचं ते अगदी हळू बोलले. "महिपतच्या खटल्याचा अर्ज हाय माझ्याजवळ. नक्कल काढून ठेवली होती. दस्तखत तुई हाय. तेव्हा तुले कायदा नाई दिसला?"

बावीस वर्षं हे नाव त्यांच्या घरात कुणी उच्चारलं नव्हतं.

महिपत हा महसूल खात्यातला कारकून. खोटे पंचनामे लिहून दे म्हणून पांडुरंगरावांच्या माणसांनी त्याला कचेरीतच मारहाण केली होती. तेव्हा दुसऱ्या पक्षाचं सरकार होतं आणि पांडुरंगराव त्या पक्षात होते. वरून निरोप आला, पांडुरंगरावांचा फोन आला, आणि मारोतरावांनी खटला मागे घेण्याच्या अर्जावर सही केली. मिसल टेबलावर होती. त्यांनी ती उघडलीही नव्हती.

"शुक्रवारी तो कागद कोर्टात येईल," पांडुरंगराव उठत म्हणाले. "तू नाई गेला, तर नाई येनार. इचार कर. मायच्या भाकरीची तरी आठवन ठेव."

ते गेल्यावर प्रयागबाई बाहेर आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"त्या महिपतचं काय झालं मंग?"

"नोकरी सोडली त्यानं. गाव सोडलं."

"अन् तुमी मले बावीस वर्षं सांगितलं नाई."

प्रयागबाईंनी कप-बशा उचलल्या. आत जाता जाता त्या म्हणाल्या, "कोर्टात जा का नका जाऊ, ते तुमचं तुमी पाहा. पन त्या बाईले आधी सांगा. तिले तिथं सगळ्याईसमोर कळू देऊ नका."

बुधवारी सकाळी त्यांनी चंद्रभागांना सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाल्या, "म्हनजे महिपतच्या बाजूनं कोनीच नवतं उभं." एवढंच. वकालतनामा त्यांनी परत मागितला नाही.

तिथून मारोतराव बापूजींकडे गेले. बापूजी हेही निवृत्त सरकारी वकील, दिवाणी बाजूचे. ते कायम विरोधी गोटातले मानले जायचे आणि मारोतरावांशी त्यांचं कधी जमलं नव्हतं. बाररूममध्ये दोघं दोन टोकांना बसायचे. मारोतरावांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, महिपतसकट.

"मले माहीत होतं," बापूजी म्हणाले. "सगळ्या बारले माहीत होतं, मारोतराव. तुमालेच वाटे का कोनाले माहीत नाई."

मारोतराव खाली बसले.

"पानी घ्या," बापूजी म्हणाले. "अन् ऐका. मी येतो शुक्रवारी. नागेश आमच्याकडचा असता तरी आलो असतो." मग जरा थांबून त्यांनी चष्मा काढला. "खरं सांगू? वीस वर्षांआधी नसतो आलो. मीबी काई धुतला तांदूळ नाई. निर्मलचे दोघं हायेत आपल्यासारखे, रिटायर झालेले. त्याईले फोन लावतो."

शुक्रवारी कोर्टाच्या व्हरांड्यात नागेशची चाळीसेक माणसं उभी होती. कुणी काही बोलत नव्हतं, पण वाटही देत नव्हतं. मारोतराव पुढे, मागे चंद्रभागा, त्यांच्या दोन्ही बाजूंना बापूजी आणि निर्मलचे दोघे म्हातारे वकील, असे ते माणसांना खांदे घासत आत गेले. एकानं चंद्रभागांच्या कानाशी, "मॅडम, शाळेत एकट्याच जाता ना?" असं म्हटलं. बापूजींनी वळून त्या माणसाला त्याचं नाव विचारलं आणि खिशातला पेन काढला. तो माणूस गर्दीत मागे सरला.

नवा सरकारी वकील भूषण तिशीतला होता. तेलुगूत आणि इंग्रजीत मिळून त्यानं अर्ज वाचून दाखवला. गावात शांतता नांदावी, दोन गटांत सलोखा व्हावा, म्हणून खटला मागे घेणं लोकहिताचं आहे. न्यायाधीश बाई ऐकत लिहीत होत्या. मारोतराव बोलायला उठले तसा भूषणनं दुसरा कागद पुढे केला.

"मॅडम, माझे सीनियर मित्र आज तत्त्वाची गोष्ट सांगणार आहेत. त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी, अशाच गुन्ह्यात, शासनाच्या सांगण्यावरून खटला मागे घेतला होता. ही नक्कल. ते तेव्हा चूक नव्हतं, तर आज कसं?"

मागच्या बाकांवर कुजबुज झाली. पांडुरंगराव दाराजवळ उभे होते. मारोतरावांनी तिकडे एकदा पाहिलं. भाकरीची चव जिभेवर आली.

"दस्तखत माझी आहे," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला, की न्यायाधीश बाईंनी त्यांना पुन्हा बोलायला सांगितलं. "दस्तखत माझी आहे, मॅडम. अर्जात लिहिलं आहे, की मी मिसल वाचून विचार केला. ते खोटं आहे. मी मिसल उघडली नव्हती. मी या कोर्टाशी खोटं बोललो आणि मार खाल्लेला एक इमानदार नोकर गाव सोडून गेला. ते तेव्हाही चूक होतं. त्याबद्दल कोर्ट माझ्यावर जी कारवाई करील ती मला मान्य आहे."

मारोतराव भूषणकडे वळले.

"आता मला यांना एकच विचारायचं आहे. यांच्या अर्जातही तेच वाक्य आहे. यांनी मिसल वाचली काय?"

भूषण उभा राहिला. "मी चार्ज घेतला त्याच दिवशी अर्ज..."

"गवाह किती?" न्यायाधीश बाईंनी विचारलं.

भूषणनं कागद चाळले. "पाच... सहा, मॅडम."

"अकरा. डॉक्टरांनी काय लिहिलं आहे?"

भूषण पुन्हा कागद चाळू लागला. नागेश पहिल्या बाकावर बसला होता, त्यानं घसा खाकरला. भूषणनं त्याच्याकडे पाहिलं नाही.

"तुम्ही नेमकं काय वाचलं आहे?" न्यायाधीश बाई म्हणाल्या.

"जी.ओ., मॅडम," भूषण म्हणाला. मग, आपल्यालाच नवल वाटावं तसा, "फक्त जी.ओ. वाचला."

न्यायाधीश बाईंनी चंद्रभागांना पुढे बोलावलं. चंद्रभागा उभ्या राहिल्या. बोलायचं ठरवून आलेलं त्या विसरल्या असाव्यात. एवढंच म्हणाल्या, "गावात शांतता हाय, मॅडम. भांडन कोन्या दोन गटाचं नवतं. मी ड्यूटी करून राह्यली होती."

आदेश चार वाजता देऊ, असं सांगून न्यायाधीश बाई उठल्या.

ते तीन तास सगळ्यात जड गेले. बाररूममध्ये काही वकिलांनी मारोतरावांकडे पाहून पाठ फिरवली. एक जण म्हणाला, की त्यांची सनद जाईल. चंद्रभागांच्या नवऱ्याचा तीनदा फोन आला. तिसऱ्यांदा त्यांनी तो उचललाच नाही. बापूजींनी डब्यातली पोळी मोडून सगळ्यांपुढे धरली. कुणी खाल्ली नाही.

चार वाजून दहा मिनिटांनी आदेश झाला. सरकारी वकिलानं स्वतंत्र विचार केल्याचं दिसत नाही, पीडितेचा विरोध आहे, लोकहित कुठलं ते सांगता आलेलं नाही. परवानगी नाकारली. खटला चालेल.

व्हरांड्यातली माणसं बाहेर आरोळ्या देत गेली. नागेश गाडीत बसेपर्यंत हात दाखवून काहीतरी ओरडत होता. दोन पोलीस चंद्रभागांना घरापर्यंत सोडायला निघाले, तसं न्यायाधीश बाईंनीच सांगितलं होतं. पांडुरंगराव मात्र दाराजवळच उभे होते. मारोतराव जवळ आले तेव्हा ते म्हणाले, "माझ्या घराची पायरी चढू नको यापुढं." मारोतरावांनी हात जोडले. दोस्ती तिथंच संपली. पुढे कधीही जुळली नाही.

उत्कर्षाची बदलीही रद्द झाली नाही. मारोतरावांनी फोन करून तिला आदेश सांगितला. ती म्हणाली, "सर, इथं आज माझ्यासमोर सात केसेस हायेत. मी संध्याकाळी करते फोन."

मारोतराव कोर्टाचा जिना उतरत होते तेव्हा मागून कुणी हाक मारली. भूषण होता. गाऊन काखेत, हातात ती जाडजूड फाईल.

"सर, हा खटला आता मलाच चालवायचाय," तो म्हणाला. "मलापण ते हलवतील बहुतेक. पण तोवर... पुढच्या पेशीला आधी डॉक्टरची गवाही घेऊ, की मॅडमची?"

उत्तर मारोतरावांच्या ओठावर आलं होतं. चाळीस वर्षांची सवय. ते त्यांनी आवरलं.

"मी चंद्रभागाबाईचा वकील हाय," ते म्हणाले. "सरकारी वकील तुमी. ते तुमीच ठरवा."

भूषणनं मान हलवली. तो तिथंच जिन्याच्या पायरीवर बसला, फाईल मांडीवर घेतली आणि पहिलं पान उलटलं.