वेगळं वाढलेलं ताट

मित्रांनो, गुरांच्या कोठ्यात कोंबड्यांना कण्या टाकण्यासाठी एक चेपलेलं ताट बरीच वर्षं पडून होतं. ते ताट म्हणजे मी. मी जर्मनचं आहे. तुम्ही ज्याला ॲल्युमिनियम म्हणता, त्याला आमच्या झाडीपट्टीत जर्मन म्हणतात. मी कुणाचं वाईट केलं नाही, असं सांगता आलं असतं तर मला फार बरं वाटलं असतं. पण तसं सांगता येत नाही.

एका कारखान्यात पत्र्याच्या गोल चकतीवर यंत्राचा दाब पडला आणि माझी कड उभी राहिली. पुढे ब्रह्मपुरीच्या बाजारात देवाजीभाऊंनी मला टिचकी मारून पाहिलं, आवाज पसंत केला आणि घरी आणलं. वैनगंगेच्या अलीकडे त्यांचं गाव. घरची धानाची शेती. रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत मी त्यांच्याबरोबर बांधावर जायचं. माझ्यात भात आणि लाखोळीच्या डाळीचं वरण असायचं. बांधावर सगळे गोल बसत आणि एकमेकांच्या ताटातलं बिनदिक्कत उचलून खात. "या ताटातून भात सांडत नाई," असं देवाजीभाऊ म्हणत. एवढंच माझं कौतुक, पण मला ते पुरत असे.

मग त्यांच्या कोपरांवर आणि गुडघ्यांवर लाल चट्टे उठले. चट्ट्यांवर पांढरे पोपडे धरत आणि गळून अंगाखाली पडत. गावानं लगेच महारोग म्हटलं. सरकारी दवाखान्यात तपासून हा महारोग नाही असं सांगितलं होतं, आणि चामडीच्या डॉक्टरला दाखवायलाही सांगितलं होतं. पण त्यासाठी नागपूरला जावं लागणार होतं. तेवढं कुणी केलं नाही.

देवाजीभाऊंची सून केसरबाई तेव्हा तरुण होती. तिची लेक दिव्यानी जेमतेम चार वर्षांची. पोरीला रोग लागेल या भीतीनं केसरबाईनं एके दिवशी मला बाकीच्या भांड्यांतून काढलं आणि बाहेर सपरीत, म्हणजे घरापुढच्या पडवीत, नेऊन ठेवलं. तिथेच सासऱ्याची बाज टाकली. ती दुष्ट नव्हती, मित्रांनो. गरम भात ती आधी त्यांनाच वाढायची. पण माझ्या कडेला पळी लागू नये म्हणून हात उंच धरून वरूनच भात सोडायची. तो भात माझ्यावर पडल्याचा आवाज देवाजीभाऊ खाली मान घालून ऐकत.

एकदा ते तिला म्हणाले, "केसर, मी काई मांगत नाई. नातीले जराशी माह्याजवळ बसू देशील?"

केसरबाई 'उद्या' म्हणाली. तो उद्या काही उगवला नाही. ताट वेगळं झाल्यापासून सहा वर्षांनी देवाजीभाऊ तापानं गेले. त्या सहा वर्षांत दिवसातून दोनदा मला त्यांच्यासमोर ठेवलं जाई, आणि दोन्ही वेळा मी त्यांना सांगे, की तुम्ही या घरात वेगळे आहात. माझं काम तेवढंच उरलं होतं. ते गेल्यावर मला कोठ्यात फेकलं. मला वाटलं, बरं झालं.

दिव्यानी मोठी झाली. ब्रह्मपुरीच्या कॉलेजात जीपनं जाऊ लागली. दुसऱ्या वर्षाच्या हिवाळ्यात तिच्या कोपरांवर तसेच चट्टे आले, डोक्यातूनही पोपडे पडू लागले. कुणीतरी सांगितलेली ट्यूब तिनं दुकानातून आणून लावली. आठ दिवस चट्टे दबले. ट्यूब संपताच दुप्पट उसळले. जीपमध्ये शेजारची बाई सरकून बसली, आणि त्या दिवसापासून दिव्यानीनं कॉलेज सोडलं.

एका सकाळी ती कोठ्यात आली. कोंबड्यांना हुसकून तिनं मला उचललं, राखेनं घासलं आणि सपरीत जाऊन बसली. तिला तसं कुणी सांगितलं नव्हतं. लहानपणी तिनं पाहिलं होतं, तेवढं पुरे झालं.

"आई, मले यातच वाढ," ती म्हणाली.

केसरबाई दारातच थबकली. मला वाटलं, आता ती मला हिसकावून अंगणात भिरकावील. मी मनातून तेच मागत होतं. पण तिनं वाढलं. हात तसाच उंच धरून.

चौथ्या दिवशी दिव्यानीची मैत्रीण चंचल तिला शोधत आली. चंचलच्या राजुऱ्याच्या मावशीला हाच त्रास होता आणि तिचा इलाज फोनवरून चालला होता. चंचलनं तिथेच चट्ट्यांचे फोटो काढून मावशीच्या डॉक्टरीणबाईंना पाठवले. फोटो धूसर आलेत, उन्हात काढा, नखांचेही काढा, असा उलट निरोप आला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई फोनच्या पडद्यावर दिसल्या. त्यांनी ट्यूबचं नाव विचारलं, सकाळी सांधे आखडतात का ते विचारलं. मग म्हणाल्या, हा सोरायसिस आहे. शिवल्यानं होत नाही, एका ताटात जेवल्यानंही होत नाही. कायमचा जात नाही, पण औषधानं ताब्यात राहतो. मनानं काही लावू नका, सांधे दुखले तर मात्र समोर येऊन दाखवा. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आधी कुणाला होता का?

दिव्यानीनं आईकडे पाहिलं. केसरबाई फोनच्या जवळ सरकली.

"माह्या सासऱ्याले होता, म्याडम. सहा वर्षं त्याईले इथीच वेगळं वाढलं. मीच वाढलं."

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तुम्हाला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, काकू."

"मी इचारलं बी नाई," केसरबाई म्हणाली.

त्यानंतर केसरबाईनं कधी मलम चुकू दिलं नाही. अंघोळ झाली की ती स्वतः लेकीच्या पाठीला तेल लावते. दर महिन्याला फोनची काच पदरानं पुसून फोटो काढते. तीन महिन्यांत पोपडे पातळ झाले. दिव्यानी पुन्हा कॉलेजात जाऊ लागली. पुढच्या थंडीत चट्टे थोडे परतले, डॉक्टरीणबाईंनी औषध बदललं, आणि कुणी घाबरलं नाही.

दिव्यानीचं पान आता आत, सगळ्यांबरोबर असतं. मी मात्र परत कोठ्यात गेलं नाही. केसरबाई माझ्यात जेवते, सपरीत, एकटी. आपल्याला कुणी शिक्षा केली नाही, म्हणून तिनं स्वतःच करून घेतली असावी. परवा दिव्यानी बाहेर आली आणि तिच्याजवळ बसली.

"आई, आबाजीनं तुले असं एकटं जेवू देल्लं नसतं," ती आजोबांची आठवण काढत म्हणाली, आणि माझ्यातला भात कालवून तिनं पहिला घास आईला भरवला.

मित्रांनो, केसरबाई रडली, पण तिच्या मनातलं ओझं त्यानं उतरलं नाही. माझंही नाही. तुमच्या घरात कुणाच्या अंगावर असं काही उठलं, तर त्याचं ताट वेगळं करण्याआधी जाणत्याला विचारा. आता विचारायला फोन आहे. देवाजीभाऊंच्या वेळी हातात फोन नव्हता, पण विचारायला तोंड तेव्हाही होतं.