माझ्या रस्त्यावरचा माणूस

मित्रांनो, माझ्यात रंगाचा एक ठिपकाही नाही. मी पेन्सिलीने काढलेले एक जुने चित्र आहे. दोन टेकड्या, त्यांच्यामधून जाणारा रस्ता आणि त्या रस्त्यावर पाठमोरा चालणारा एकटा माणूस, एवढाच माझा संसार.

मला काढले ते कपडे शिवणाऱ्या एका आत्याने. तिचा भाऊ कामासाठी दूर निघाला, तेव्हा ती खिडकीतून बघत होती. तो दिसेनासा झाला आणि तिने कागद पुढे ओढला. कापडावर खडू दाबून रेघ मारायची तिची सवय. पेन्सिलही तिने तशीच दाबली. भाऊ काही परतला नाही. त्याचा फोटो कुणाकडेच नव्हता. पाळण्यातल्या त्याच्या मुलीने पुढे वडील पाहिले ते माझ्यातच.

"आत्या, हे बाबा आहेत की विजेचा खांब?" ती विचारायची.

"खांबाच्या हातात कधी पिशवी असते का गं?"

मी स्वयंपाकघरातच लटकत होते. धुराने पिवळे पडले, कोपरे दुमडले. मुलगी मोठी झाली, रोज घाईने माझ्यासमोरून जाऊ लागली. एके दिवशी मात्र तिला माझी दया आली. तिने मला काच बसवायला फ्रेमवाल्याकडे दिले.

फ्रेमवाला भला माणूस. काच बसवण्याआधी प्रत्येक कागद तो खोडरबराने हळुवार साफ करायचा. त्याने माझी काजळी काढली. रस्त्यावरचा तो बारीक काळा डागही काढला.

दोघी न्यायला आल्या, तेव्हा काच बसायची होती. मुलीचा चेहराच उतरला.

"बाबा कुठे गेले?"

"तो... तो डाग नव्हता का ताई?" फ्रेमवाला चाचरला. "थांबा, दोन रेघा ओढतो. कळणारसुद्धा नाही."

"ठेव ती पेन्सिल," आत्या म्हणाली. "तू कुठे पाहिलंस त्याला?"

तिने मला दाराच्या उजेडात तिरपे धरले. मुलीचे बोट धरून माझ्यातल्या रस्त्यावरून फिरवले. शिसे गेले होते, पण दाबून काढलेल्या रेघांची खाच कागदात तशीच होती. डोके. खांदे. पिशवी.

"आहेत," मुलगी हळूच म्हणाली.

"मग काच नको बसवायला," फ्रेमवाला म्हणाला. "बोट पोचणार नाही."

आता मी नुसत्या चौकटीत दाराजवळ असते. धूळ बसते, बसू दे. मुलगी कामावरून आली की चपला काढता काढता तिचे बोट माझ्या रस्त्यावरून एकदा जाते.

मित्रांनो, जुन्या कागदावर डाग दिसला, तर खोडरबर उचलण्याआधी घरातल्या मोठ्यांना एवढेच विचारा, "हा कोण आहे?"