शेवटचा हात

कोणाचाही कॉम्प्युटर रुसला की धाकटीला बोलावणं जायचं. ती आली की आधी खुर्ची ओढून बसायची आणि विचारायची, "शेवटचा हात कोणाचा लागला होता?" लोक लगेच शपथा घ्यायला लागायचे. कोणी म्हणजे कोणीच हात लावलेला नसायचा! दंतवैद्याकडच्या काउंटरवरच्या बाईंनी नाही, पियानो शिकवणाऱ्या मास्तरांनी नाही, त्यांच्या भाच्याने तर नाहीच नाही. धाकटी शपथा ऐकून घ्यायची आणि पाच मिनिटांत हात लावणाऱ्यासकट बिघाड शोधून काढायची. वीस वर्षांत हा प्रश्न कधी फुकट गेला नव्हता, आणि ही गोष्ट ती स्वतःच सगळ्यांना ऐकवायची. बाई हुशार, यात वाद नाही. पण हुशारीची थोडी हवा डोक्यात गेली होती, तेही सांगायला हवं.

त्या दुपारी ती थोरल्या बहिणीच्या, ताईच्या, वर्कशॉपमध्ये आली ती मात्र काही दुरुस्त करायला नाही. ताई तीस वर्षांपासून जुन्या खुर्च्यांच्या वेताच्या बैठका विणून द्यायची. लांबट खोली, भिंतीवर टांगलेल्या वेताच्या जुड्या, वेत भिजवायचा पत्र्याचा टब आणि खिडकीशी कॉम्प्युटर. पूर्वी आठवड्याला चार-पाच चौकशा यायच्या. चार महिन्यांपूर्वी धाकटीने हौसेने नवी वेबसाईट करून दिली आणि तेव्हापासून एक चौकशी येईल तर शपथ. शेवटी ताईने गाशा गुंडाळायचं ठरवलं. पाच वाजता शेजारचा चपलांचा दुकानदार किल्ली न्यायला येणार होता, त्याला गोदामासाठी जागा हवी होती. धाकटीने फक्त कॉम्प्युटर पुसून कोरा करून द्यायचा होता.

ताईने तक्रार केली नव्हती असं नाही. तीनदा फोन केला होता. तिन्ही वेळा धाकटीने आपल्या घरून साईट उघडली, चौकशीच्या रकान्यात 'चाचणी' असं लिहून पाठवलं, 'आपला निरोप पोहोचला' ही हिरवी अक्षरं पाहिली आणि साईट ठणठणीत असल्याचं सांगून मोकळी झाली. तिसऱ्या वेळी तर वर असंही म्हणाली, की लोकांना आता वेताच्या खुर्च्याच नको असतील. ताईने ते मनाला लावून घेतलं. हातातलं काम खाली ठेवलं ते पुन्हा उचललंच नाही.

पुसण्याआधी फोटो वाचवू, असं धाकटी म्हणाली. ताईने साईट उघडून शेवटची आरामखुर्ची दाखवली. बैठक अशी विणली होती की धाकटीसुद्धा दोन मिनिटं बघत राहिली. फोटो आपल्याकडे उतरवून घ्यावा म्हणून तिने तीच साईट स्वतःच्या फोनवर उघडली. आरामखुर्ची नव्हती. तिच्या आधीच्या आठ-दहा खुर्च्याही नव्हत्या. पत्ता तोच, अक्षर न् अक्षर तेच, आणि साईट मात्र वेगळी.

सवयीने तिच्या तोंडून निघून गेलं, "ताई, याला शेवटचा हात कोणाचा लागला होता?"

ताई वेताच्या जुड्या बांधत होती. तिने मान वर न करता सांगितलं, "तुझाच. मी नुसते फोटो टाकते."

धाकटीला एकदम आठवलं. नव्या साईटवर काही बिघडेल म्हणून ताई घाबरत होती, तेव्हा तिने तिला शिकण्यासाठी एक सरावाची साईट करून दिली होती. आणि या कॉम्प्युटरला एका ओळीत बजावून ठेवलं होतं, की ताईने साईट मागितली की सरावाचीच दाखव. आठवड्याने ती ओळ काढायची होती. ती राहून गेली. फोटो टाकणं, आलेले निरोप बघणं, ताईचं सगळं सरावाच्या साईटवरच चाललं होतं. चार महिने ताई एका बंद खोलीत खुर्च्या मांडत बसली होती आणि गिऱ्हाईक दुसऱ्याच दारात उभं होतं.

घड्याळात पावणेपाच झाले होते. कॉम्प्युटर पुसला असता तर ती ओळही गेली असती आणि कोणाला काही कळलं नसतं. पुसायलाच तर बोलावलं होतं! हा विचार तिच्या मनात आला, खोटं कशाला सांगा. मग तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने ओळ काढली आणि खरी साईट उघडली. आत त्रेचाळीस निरोप पडले होते. त्यातले तीन तिचे स्वतःचे: चाचणी, चाचणी, चाचणी. पलीकडे मिळाले का, हे तिने एकदाही विचारलं नव्हतं.

"ताई, इकडे ये. लोक विचारत होते. ते तुझ्यापर्यंत मीच पोहोचू दिलं नाही," ती म्हणाली आणि सगळं सांगितलं.

ताई उभ्यानेच वाचत गेली. पंधराव्या-सोळाव्या निरोपाशी तिचा आवाज चढला. "चार महिने मला वाटत होतं, माझे हात आता कोणाच्या कामाचे नाहीत. आणि तू मला फोनवरून ठणठणीत म्हणून सांगत होतीस!"

पाचला दुकानदार आला. ताईने त्याला दारातूनच सांगितलं की किल्ली मिळणार नाही. तो कुरकुरत गेला. मग ताईने धाकटीला कॉम्प्युटरसमोर बसवलं आणि चाळीसच्या चाळीस जणांना उत्तरं लिहायला लावली. उशीर का झाला आणि चूक कोणाची, हे प्रत्येकात लिहायचं, ही अट. काहींनी एव्हाना दुसरीकडे काम दिलं असणार, हे दोघींनाही कळत होतं.

सगळ्यात जुना निरोप एका निवृत्त पोस्टमनचा होता. सहा खुर्च्या, घाई नाही, पण तुमच्याकडूनच विणून हव्यात. धाकटीने उत्तर पाठवलं. हिरवी अक्षरं उमटली. ती पुढच्याकडे वळली, तर ताईने तिचा फोन उचलून तिच्या हातात दिला.

"मिळालं का ते विचार."

धाकटीने निरोपाखालचा नंबर लावला आणि विचारलं.

"मिळालं की," पलीकडचे आजोबा म्हणाले. "खुर्च्या अजून तशाच आहेत. चार महिने आम्ही स्टुलांवर बसून जेवतोय."

धाकटीने ते मोठ्याने ताईला सांगितलं. ताईने ऐकलं, बांधलेली एक जुडी सोडली आणि टबात पाणी सोडायला गेली.