केळीच्या पानाखालची हिरवी

जैनाबादच्या देवळापुढे सप्ताहाचं शेवटचं कीर्तन होतं. धुरपदाबाईंनी मंडपासाठी आपल्या मळ्यातले केळीचे खांब पानांसकट पाठवले होते आणि ते बांधायला मृदंग वाजवणारा भाईदास आपणहून उभा राहिला होता. पंचक्रोशीत मृदंग वाजवणारा तो एकच.

एका पानावर काळी केसाळ अळी दिसली, तशी त्याने ती काडीने लांब उडवली. "असली लई जहरी असते मावशी!" तो शेजारी उभ्या धुरपदाबाईंना म्हणाला. मग पानाखाली दुसरी दिसली. हिरवीगार, पाठीवर निळी रेघ, अगदी नटून आल्यासारखी. ती त्याने मनगटाने सहज बाजूला सारली आणि जी बोंब ठोकली, ती नदीपलीकडे गेली असेल.

"मेलो! हाताला आग लागली!"

टाळकरी कौतिक चुना चोळायला धावला. धुरपदाबाईंनी त्याचा हात मधेच धरला.

"चोळू नको! बारीक काटे आहेत ते. आणखी रुततील, याच्या बोटांनाही लागतील. मग मृदंग काय तू वाजवशील?"

"मम्मी, सीधा दवाखान्यात नेऊ ना," सून तृप्ती घाबरली होती.

"दम लागला, तोंड सुजलं तर लगेच निघायचं. गाडी काढून ठेव. आधी ती पताकांची चिकटपट्टी आण."

बाईंनी मनगटावर पट्टी हलकेच दाबली आणि उचलली. मग नवा तुकडा, पुन्हा नवा. उजेडात धरली तर पट्टीवर कुसळांसारखे काटे चमकत होते. साबणाने हात धुतला, सरबताचा बर्फ फडक्यात बांधून ठेवला.

"ती तर बिचारी गरीब दिसत होती," भाईदास कण्हला.

"काळीने नुसता केसांचा बाऊ केला रे, अन् तू भ्यालास. ही पानात पान होऊन बसते. वीस वर्षं या पानांखाली हात घालतेय मी, देखणीला आधी बघते."

तासाभरात मनगटाची सूज वाढायची थांबली. श्वास नीट होता. गिरधर महाराज वीणा गळ्यात घालून आले. "बाई, जमेल का याला?"

"जमेल महाराज. मनगट दुखतंय, बोटं मोकळी आहेत. सुरुवातीला चाल जरा संथ धरा."

महाराजांनी संथ धरली. पहिल्या थापेला भाईदासचं तोंड वाकडं झालं, दुसरीला कमी. पुढच्या रांगेत टाळ्या वाजवणाऱ्या धुरपदाबाईंची नजर त्याच्या मनगटावरून हलत नव्हती. गजर चढला, अख्खा मंडप उभा राहिला, आणि मनगटाकडे बघायचं त्यांचं राहूनच गेलं.