चार किलो

इंद्रजित भाटघरच्या आमच्या तालमीत आला तेव्हा आठ वर्षांचा होता. चपळ पोर. डाव एकदा दाखवला की दुसऱ्यांदा दाखवावा लागत नसे. असा विद्यार्थी मिळाला की शिकवणाऱ्याचं पोट भरतं, माझंही भरलं. पण सोळाव्या वर्षी त्याला एक युक्ती सापडली. स्पर्धेआधी दोन दिवस पाणी सोडायचं, अंगाला प्लॅस्टिक गुंडाळून पळायचं आणि वजनकाट्यावर खालच्या गटात बसायचं. वजन झालं की घटाघटा पाणी पिऊन आपल्याहून लहान पोरं लोळवायची. कुमार गटातली जिल्ह्याची तीन पदकं त्याने अशीच आणली. बरोबरीचा गडी समोर आला की त्याचा गुडघा दुखायचा. पदकांचे पेढे वाटले गेले, ते मीही खाल्ले.

त्या पदकांच्या जोरावर आज तो भोरच्या एका कॉलेजात कुस्तीचा कोच आहे. गळ्यात शिट्टी, पायात पांढरे बूट. ते मळू नयेत म्हणून मॅटवर सहसा जात नाही. डाव विचारला तर ‘व्हिडिओ पाठवलाय’ म्हणतो. खोलीत त्याचा तरुणपणीचा फोटो लावलाय. त्यात तो ज्याला चीत करतोय, त्या पोराच्या बरगड्या मोजता येतात.

आमच्या तालमीतली शिवानी त्याच कॉलेजात गेली. वजन सत्तावन्न किलो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेसाठी त्याने तिला त्रेपन्नमध्ये उतरायला सांगितलं. स्पर्धेच्या आदल्या दिवशी, रविवारी, ती नेहमीसारखी बारक्यांना शिकवायला आली. छोट्या अर्णवचा पाय नीट ठेवून द्यायला वाकली आणि मातीत बसलीच. ओठ पांढरेफटक. कालपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. मी तांब्या पुढे केला, तिने नकारार्थी मान हलवली. पाणी प्यायलीस तर संघातून काढीन, असं सरांनी बजावलं होतं.

सोमवारी सकाळी मी कॉलेजात गेलो. स्पर्धा तिथेच होती, वजनं सुरू व्हायची होती. इंद्रजितने खुर्ची दिली, चहा मागवला. पोरगी आजारी पडेल म्हटलं, तर त्याने मला विज्ञान ऐकवलं. मग मी विचारलं, सत्तावन्नमध्ये काय वाईट आहे?

“तितं पुरंदरची पोरगी हाय, वस्ताद. लई भारी. हिला मेडल न्हाई मिळायचं.”

“मेडल कुणाला पायजे?”

“कॉलेजला.” त्याने शिट्टी चाचपली. “आन् मला तरी तुमी कुठं अडवलं व्हतं?”

इतक्या वर्षांत तो एवढंच एक खरं बोलला.

शिवानी दारात उभी होती. मी तिला म्हणालो, “ह्याला अडवलं न्हाई, ती माजी चूक झाली. तुला अडवतोय. पण पानी तुजं तू प्यायचं.”

ती कूलरकडे गेली आणि लागोपाठ तीन ग्लास प्यायली. इंद्रजित मागून नाव कापायच्या गोष्टी करत राहिला. नावं प्राचार्यांच्या सहीने कधीच गेली होती. सत्तावन्नमध्ये कॉलेजचं कुणी नव्हतं, आणि गट काटाच ठरवणार होता. त्याच्या हातात धमकीखेरीज काही नव्हतं. तेवढ्यावर त्याने पोरीला दोन दिवस तहानलेलं ठेवलं होतं.

दुपारी कुस्ती झाली. मॅटशेजारची कोचची खुर्ची रिकामी होती. कॉलेजच्या पन्नास किलो गटातल्या पोरीने पदक मिळवलं होतं, ते हातात घेऊन इंद्रजित फोटो काढून घेत होता. शिवानी पुरंदरच्या पोरीशी पूर्ण सहा मिनिटं लढली आणि पाच-आठने हरली.

जाता जाता त्याने, मी सांगितलंच होतं, असं काहीतरी सुनावलं. तिने वळूनही पाहिलं नाही. घामाने निथळत माझ्याकडे आली.

“आबा, ती पाय धराया पटात शिरली तवा म्या पाय उशिरा मागं घेतला.”

“किती उशिरा?”

“थांबा, दावते,” म्हणाली, आणि तिथेच, रिकाम्या खुर्च्यांच्या मधे, खाली वाकून तिने माझा पाय धरला.