मुकादमाची लघवी

आत्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा घरात पहिली चर्चा झाली ती बोक्याची. गुडघ्याला डॉक्टर होते, नर्स होत्या, व्यायाम करून घेणारी बाई होती. बोक्याला कोण होतं? शेवटी ते काम भाचीच्या गळ्यात पडलं. निदान ती तसं सगळ्यांना सांगायची. खरं तर तिने आपणहून मान पुढे केली होती. आत्याचं घर मोठं, शांत, आणि ती जिथे पाणी तपासायची त्या प्रयोगशाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ. बदल्यात दोन मांजरांना खायला घालायचं आणि त्यांचा वाळूचा ट्रे साफ करायचा. पाण्यात विरघळलेलं शिसं जिला सापडतं, तिला एक बोका सांभाळता येणार नाही?

बोक्याचं नाव मुकादम. डोळेही उघडले नव्हते तेव्हा तो आत्याला गॅरेजच्या मागे सापडला होता आणि तिने त्याला ड्रॉपरने दूध पाजून जगवलं होतं. आतोबा गेल्यापासून त्या घरात आत्या ज्याच्याशी बोलायची असा तो एकटाच. बिट्टी ही मांजरी मागाहून आली आणि मुकादमाच्या हाताखाली कामाला लागल्यासारखी राहिली.

"मुकादमाचं काही वेगळं वाटलं तर लगेच कळव हं," आत्याने निघताना बजावलं.

"आणि बिट्टीचं?"

"बिट्टी स्वतःचं बघते."

आत्या गेली आणि थोड्याच दिवसांत मुकादम ट्रेच्या फेऱ्या मारायला लागला. आत जायचा, वाळू उकरायचा, पाठीची कमान करून बसायचा, बाहेर येऊन खालून स्वतःला चाटायचा, आणि काहीतरी विसरल्यासारखा पुन्हा आत. भाचीला काळजी वाटण्याआधी कुतूहल वाटलं. हा तिचा जुना दोष. घराला आग लागली तर ही आधी ज्वाळेचा रंग बघत बसेल, असं तिची आई म्हणायची.

तिने आत्याला फोन केला. आत्या हॉस्पिटलच्या पलंगावर पाय उंच करून पडली होती.

"पोट साफ होत नसेल," आत्या म्हणाली. "लहानपणीही व्हायचं त्याला. थोडं तेल चाटव."

भाची फोनकडे बघून समंजसपणे हसली. "आत्या, असं अंदाजाने औषध द्यायचं नसतं. आधी मोजायचं."

"मोज बाई, मोज. तुझ्या आतोबांनीही जन्मभर सगळं मोजलं. तेवढं ब्लड प्रेशर मोजायचं राहिलं."

भाचीने वाचायला घेतलं. आणि गंमत म्हणजे जे वाचलं ते बरोबरच होतं. घरातलं माणूस अचानक दिसेनासं झालं, दिनक्रम बदलला, तर मांजर मनाला लावून घेतं आणि त्याच्या मूत्राशयाला सूज येते. मग ते सारखं लघवीला बसतं. अगदी चपखल! तिने त्याच दिवशी घरातला ताण कमी करायला घेतला. पडदे ओढले, दाराच्या घंटीची वायर काढली, स्वतः मोजे घालून चोरासारखी वावरू लागली. मीटर बघायला आलेल्या माणसाला तिने ओठांवर बोट ठेवून आत घेतलं, तेव्हा तो बिचारा हळूच म्हणाला, "कोण गेलं हो?"

एवढं करूनही मुकादमाच्या फेऱ्या चालूच होत्या. पण भाची निर्धास्त होती, कारण तिच्याकडे पुरावा होता. सकाळ-संध्याकाळ ती वाळूसकट ट्रे उचलून काट्यावर ठेवायची. वजन वाढलं म्हणजे लघवी झाली, यात शंका घ्यायला जागाच नव्हती. वजन वाढत होतं. तिने त्याचा सुंदर आलेख काढला आणि आत्याला पाठवला.

"हा कसला डोंगर?" आत्याने विचारलं.

"मुकादमाची लघवी."

"छान दिसते की," आत्या म्हणाली आणि त्या दिवशी तिने म्हणे व्यायाम न कुरकुरता केला.

सुट्टीच्या दिवशी मुकादम जेवला नाही. सकाळी थोडा ओकला, ट्रेमध्ये बऱ्याचदा बसून आला आणि मग वॉशिंग मशीनच्या मागे तोंड भिंतीकडे करून पडला. भाचीने तिथला पडदा आणखी नीट ओढला. चादरी काढल्या, कपाट बंद केलं, कपडे वाळत घातले. दुपारी, संध्याकाळची वाट न बघता, ट्रे काट्यावर ठेवला. वजन जिथल्या तिथे. काटा बिघडला, असं तिला वाटलं. काटा बिघडतो, ती कधी बिघडत नाही. तिने सेल बदलले. वजन तेवढंच.

तेवढ्यात चादरींच्या कपाटातून ओरडा ऐकू आला. दार उघडताच बिट्टी गोळीसारखी सुटली, थेट ट्रेमध्ये घुसली आणि डोळे अर्धे मिटून, भलत्याच समाधानाने, कितीतरी वेळ बसली.

भाचीला आधी बिट्टीची कीव आली. मग तिने ट्रेकडे पाहिलं, मग काट्याकडे. इतके दिवस वाढत होतं ते जवळजवळ सगळं वजन बिट्टीचं होतं. तो सुंदर डोंगर बिट्टीने जवळपास एकटीने उभा केला होता. प्रयोगशाळेत कुणी दोन विहिरींचं पाणी एका बाटलीत भरून आणलं असतं, तर भाचीने त्याला दारातूनच परत पाठवलं असतं, वर दोन शब्द सुनावले असते.

तिने मुकादमाला मशीनमागून ओढून काढलं. पोटाला हात लागताच तो असा गुरगुरला की तिने हात मागे घेतला. आत काहीतरी टणक, गोल होतं.

गाडीत मुकादमाची टोपली मांडीवर घेऊन ती ड्रायव्हरला एकाच दमात "लवकर चला" आणि "हळू चालवा" असं सांगत राहिली. शेवटी तो म्हणाला, "ताई, दोन्हीतलं एक ठरवा."

जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई जाडजूड, बाह्या वर केलेल्या, आणि फारसं न बोलणाऱ्या होत्या. त्यांनी मुकादमाचं पोट दोन बोटांनी चाचपलं.

"मूत्राशय दगड झालंय. शेवटची लघवी कधी केली याने?"

भाचीने तोंड उघडलं. तिच्या फोनमध्ये आलेख होता. "माहीत नाही," ती म्हणाली.

"घरी लक्ष कोण देतं?"

"मीच."

"काय करता?"

"पाणी तपासते."

डॉक्टरीणबाईंनी चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं आणि तेवढ्यावरच सोडलं. भाचीला ती मोठी मेहेरबानी वाटली. मग त्यांनी तोडक्या वाक्यांत समजावलं. मांजरीची मूत्रनलिका रुंद, आखूड. बोक्याची लांब, आणि टोकाला फारच अरुंद. सुजेने चिकट झालेला मळ आणि लघवीतले बारीक स्फटिक तिथे बुचासारखे अडकतात. म्हणजे सूज असल्याचं भाचीचं निदान बरोबर होतं, पण पुढे नळी तुंबली ते राहिलं. आता लघवी बाहेर पडत नाही, विष रक्तात चढतं, पोटॅशियम वाढतं, आणि मग हृदय थांबतं.

"स्फटिक मॅग्नेशियमचे असतील ना?" भाचीच्या तोंडून गेलं. गप्प बसायची वेळ तिला कधीच कळली नव्हती.

"आधी बाहेर काढू, मग नाव-गाव विचारू. भूल द्यावी लागेल. ठोके आत्ताच मंद पडलेत, भुलीतून उठेलच असं मी सांगू शकत नाही. मांजर तुमचं?"

"आत्याचं."

"मग त्यांना विचारा. आत्ता."

भाचीने फोन लावला. रिंग वाजत असताना आत्याने फोन उचलू नये, असंही तिला क्षणभर वाटून गेलं.

"आत्या, मुकादमाची लघवी अडकलीय. दवाखान्यात आहोत."

"अगं, पण तो डोंगर?"

"तो बिट्टीचा होता."

"बिट्टीचा?"

"दोघांचा ट्रे एकच आहे ना," भाची म्हणाली. "माझ्या लक्षातच आलं नाही."

"जगेल का?"

"माहीत नाही, आत्या."

"दे त्या डॉक्टरला."

आत्या एवढ्या मोठ्याने बोलली की बाकावर बसलेल्या कुत्र्यानेही कान टवकारले. "नळी घाला, चिरा, काय करायचं ते करा! आणि त्या शहाणीला तिथून हलू देऊ नका!"

शहाणी हलली नाही. दाराच्या काचेतून तिला फक्त डॉक्टरीणबाईंची पाठ दिसत होती. बऱ्याच वेळाने त्या बाहेर आल्या. एप्रनवर लालसर पिवळे शिंतोडे होते. "लघवी उतरली," त्या म्हणाल्या. भाचीला हसू फुटणार तोच त्यांनी हात वर केला. "काही दिवस नळी राहील. ती काढल्यावर त्याने आपली आपण करायला पाहिजे. नाही केली तर शस्त्रक्रिया. आणि या हृदयाला दुसरी भूल द्यायला मी काही उत्सुक नाही."

भाचीने रजा टाकली आणि पिंजऱ्यासमोर स्टूल टाकून बसली. मुकादमाच्या गळ्यात प्लास्टिकचा कर्णा होता, पंजाला सलाइन, शेपटीला चिकटपट्टीने लावलेली नळी. तो तिच्याकडे बघायचा नाही. एक दिवस सकाळी नळी काढली आणि समोर स्वच्छ वाळूचा ट्रे ठेवला. मुकादमाने त्याचा वास घेतला आणि पाठ फिरवली.

आत्याचा फोन. "झाली?"

"नाही."

जरा वेळाने पुन्हा. "झाली?"

"नाही गं."

"तू काय करतेयस?"

"बघतेय."

"बघू नकोस! तुझ्यासमोर असं कुणी डोळे लावून बसलं तर तुला होईल का?"

भाची भिंतीकडे तोंड करून बसली आणि गाईच्या लसीकरणाचा तक्ता पाठ करू लागली. मागे वाळू खसखसली की तिचे कान मागे जायचे. नुसतंच उकरणं. दुपार उलटली. डॉक्टरीणबाईंनी पोट चाचपलं, ओठ मुडपले. "पुन्हा भरत चाललंय. अजून थोडं बघू. मग मला निर्णय घ्यावा लागेल."

त्या गेल्यावर भाचीने मुकादमाला टॉवेलमध्ये गुंडाळून मांडीवर घेतलं. कर्णा तिच्या हनुवटीवर आपटला. इतक्या दिवसांत तिने त्याला पहिल्यांदाच असं घेतलं होतं. तो किती हलका झाला होता, त्याच्या कानाच्या आत केवढे पांढरे केस होते, आणि उजव्या डोळ्यापाशी एक जुना ओरखडा. यातलं तिला काहीच ठाऊक नव्हतं.

"मी तुझ्याकडे बघितलंच नाही रे," ती पुटपुटली. "काट्याकडेच बघत बसले."

मांडी उबदार झाली. अंगाची ऊब असेल, तिला वाटलं. मग ऊब पसरली, गुडघ्यापर्यंत आली, पोटरीवरून उतरून बुटात शिरली.

"डॉक्टर," ती एवढ्या हळू म्हणाली की कुणालाच ऐकू गेलं नाही. मग जोरात, "डॉक्टर!"

डॉक्टरीणबाई दारात आल्या. "थेंब थेंब की धार?"

"धार! अजून चालू आहे!"

"किती झाली असेल?"

"खूप," भाची म्हणाली. "खूप म्हणजे खूपच."

एका हाताने तिने फोन लावला. "आत्या, झाली!"

"कुठे?"

"माझ्यावर."

पलीकडे आत्या हसली की रडली, ते आधी कळेना. नाक ओढल्याचा आवाज आला. "बरं झालं," ती म्हणाली. "तुझ्यावरच व्हायला हवी होती."

मुकादमाला या कशातच रस नव्हता. तो त्या ओल्या टॉवेलमध्ये, कर्णा तिच्या कोपरावर टेकवून झोपून गेला. त्याला उठवावं की नाही हे काही केल्या तिला ठरवता येईना, म्हणून ती तशीच बसून राहिली.